त्या २१ कोटींची कुणालाच गरज नव्हती?

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात गुलमंडीवर एकच विषय होता. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यानं म्हणे २१ कोटी ५९ लाख रुपये उडवले. पगार महिना १३ हजार. घेतलं काय, तर बीएमडब्ल्यू कार, बीएमडब्ल्यूचीच बाईक, मैत्रिणीला विमानतळासमोर चार बेडरूमचा फ्लॅट, आणि वर हिरे जडवलेल्या चष्म्याची ऑर्डर. टीव्हीवाल्यांना गाडी पुरली, व्हॉट्सअ‍ॅपला चष्मा पुरला. पानटपरीपासून इमरतीच्या रांगेपर्यंत जो तो हसत होता, आणि थोडा हेवाही करत होता.

त्या सगळ्या बातम्या मी वाचल्या. गाडीचं मॉडेल कळलं, फ्लॅटची किंमत कळली. पण एक माणूस मला कुठेच दिसला नाही. ज्याचे पैसे अडले, असा खेळाडू. "ऑगस्टमध्ये आमचा कॅम्प होता, पैसे नाहीत म्हणून रद्द झाला." "सप्टेंबरपासून आम्हाला दूध मिळालं नाही." असं सांगणारा एकही आवाज नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार १ जुलै ते ७ डिसेंबर, म्हणजे पाच महिन्यांहून जास्त काळ, क्रीडा संकुल समितीच्या खात्यातून पैसे जात होते. खेळासाठी ठेवलेले २१ कोटी गेले आणि खेळाचं काहीच अडलं नाही?

मला राग आहे तो याचा. चोराचा नंतर.

माझे बाबा टिळकपथावरच्या एका कापड दुकानात तीस वर्षं हिशेब लिहायचे. त्यांना ही बातमी वाचून दाखवली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाच महिने? मग देणेकरी कुठं गेले होते रे?" त्यांच्या दुकानात गल्ल्यात पाचशेची तूट आली तरी शटर अर्धं ओढून सगळे बसायचे. मालक फार सचोटीचा होता म्हणून असं नाही. सकाळी सुरतेच्या व्यापाऱ्याचा माणूस पैसे मागायला दारात उभा राहणार, हे माहीत असायचं म्हणून. गुलमंडीवरचं कुठलंही दुकान घ्या. तिथला हिशेब चोख असतो कारण त्या पैशाची वाट बघणारा कोणीतरी असतो. ज्या पैशाची कोणी वाट बघत नाही, त्याचा हिशेब कोण कशाला ठेवेल?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार वर्षं पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सिस्टिमवर काम करतोय. तिथंही हाच नियम आहे, फक्त भाषा वेगळी. एखादी सिस्टिम रात्री दोन वाजता बंद पडली तर ती आम्हाला सगळ्यात आधी कशामुळे कळते? पुष्कळदा ग्राहकाच्या तक्रारीमुळे. अलर्ट, लॉग, डॅशबोर्ड सगळं असतं, पण ज्याचं काम अडलं तो माणूस या सगळ्यांहून जलद असतो. ज्या सिस्टिमकडून एकही तक्रार येत नाही ती उत्तम चालली आहे असं नवीन मुलांना वाटतं. जुनी माणसं आधी एक गोष्ट तपासतात. ती कोणी वापरतंय का?

आता जे घडलं असं सांगितलं जातं ते बघा. हे तक्रारीतलं आणि पोलिसांचं म्हणणं आहे. दोषी कोण, किती, हे कोर्ट ठरवेल. कार्यालयाचं जुनं लेटरहेड वापरून बँकेला पत्र गेलं की खात्याला जोडलेला ईमेल पत्ता बदला. नवा पत्ता जुन्यासारखाच, एका अक्षराचा फरक. बँकेनं तो बदलला. मग त्या पत्त्यावर ओटीपी यायला लागले, नेट बँकिंग सुरू झालं, आणि पैसे १३ वेगवेगळ्या खात्यांत गेले.

यात हॅकिंग कुठंय? एक कागद, एक अक्षर आणि एक ओटीपी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, तोही सांगेल की खात्याचा ईमेल बदलायची मागणी आली तर आधी जुन्या पत्त्यावर कळवायचं आणि नोंदलेल्या फोनवर माणसाशी बोलायचं. कोट्यवधींच्या सरकारी खात्याला अचानक नेट बँकिंग हवं झालं, तर ज्यांच्या सहीनं ते खातं चालतं त्यांना समोर बसवून विचारायचं. बँकांमध्ये याला मेकर-चेकर म्हणतात. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजुरी द्यायची. गुलमंडीवर यालाच "दोघांनी नोटा मोजायच्या" म्हणतात.

पण समजा बँकेत चूक झाली. चूक कुठंही होते. मग जुलैअखेर कोणी खात्याचा उतारा काढून बघितला असता तर? ऑगस्टअखेर? दिवाळीला? एका उताऱ्यात सगळं दिसलं असतं. पाच वेळा महिना संपला. त्यात एकदाही कोणाला त्या खात्यातून एखादं मोठं बिल देण्याची निकड पडून शिल्लक बघावीशी वाटली नाही, किंवा बघितली तर खरी दिसली नाही. यातलं कुठलंही एक खरं असलं तरी उत्तर एकच आहे. त्या पैशाला मालक नव्हता.

लगेच कोणीतरी म्हणेल, एका लबाड माणसाचं कृत्य आहे, सगळ्या व्यवस्थेला कशाला शिव्या देता? देतो, कारण त्या माणसाला तिथं व्यवस्थेनंच बसवलं होतं. करोडोंची कागदपत्रं ज्या टेबलावरून जातात तिथं १३ हजारांवर कंत्राटी माणूस बसवायचा, त्याच्या नोकरीची हमी कंत्राटदारावर सोडायची, आणि वर त्यानं प्रामाणिक राहावं अशी अपेक्षा करायची. कमी पगार हे चोरीचं समर्थन होत नाही. याच शहरात १३ हजारांत घर चालवणारी हजारो माणसं चोरी करत नाहीत. पण किल्ली कोणाच्या हातात द्यायची हे ठरवणारा तो नव्हता. आणि ज्यांनी ठरवलं, त्यांचं नाव कुठल्याच मीममध्ये आलं नाही.

आता त्याच पाच महिन्यांत महाराष्ट्राच्या खेळात आणखी काय घडत होतं ते आठवा.

जुलैमध्ये अविनाश साबळेनं पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावून स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये तो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला; या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. अविनाश आपला आहे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेत पळत जायचा. त्याला धावपटू कोणी केलं? बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनमध्ये राहिला, आणि मग सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत त्याचे पाय कोणाच्या तरी लक्षात आले. मराठवाड्यातला सगळ्यात मोठा धावपटू घडला तो सैन्यात.

१ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीच्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूनं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खाशाबांची गोष्ट आपण सगळे अभिमानानं सांगतो: सरकारी मदत पुरेना, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येतं. मला मात्र दरवेळी वाटतं की ही अभिमानाची गोष्ट खर्डेकर सरांपुरती आहे. बाकीच्यांसाठी ती लाजेची आहे. पदक आणलं तरी खाशाबांना पोलीस खात्याच्या नोकरीत आणि पुढे पेन्शनसाठी झगडावं लागलं, १९८४ मध्ये अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

१९५२ मध्ये पैसे नव्हते म्हणून घर गहाण पडलं, हे समजू शकतो. २०२४ मध्ये पैसे होते. खात्यात पडून होते. फरक एवढाच की त्यांची वाट बघणाऱ्या मुलांपर्यंत ते पोचत नव्हते आणि ते पोचले नाहीत हे विचारायचा हक्क त्या मुलांना नव्हता.

थोडं गणित करू. 'खेलो इंडिया'त निवडलेल्या खेळाडूला हातखर्चासाठी महिना १० हजार रुपये मिळतात, वर्षाला १ लाख २० हजार. २१ कोटी ५९ लाखांत जवळजवळ १,८०० मुलांना वर्षभर हा हातखर्च देता आला असता. निधी ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च व्हायला हवा, हे मला माहीत आहे. बांधकामाचे पैसे दुधावर खर्च करता येत नाहीत. पण प्रमाण कळावं म्हणून आकडा डोक्यात ठेवा. चष्मा विसरा, १,८०० लक्षात ठेवा.

माझ्या शाळेतली एक मुलगी खो-खो खेळायची. पळायला लागली की आम्ही मुलं मैदानाच्या कडेला गप्प उभे राहायचो, इतकी सुंदर पळायची. राज्य स्पर्धेला जाऊन आली, प्रवासाचे पैसे घरच्यांनी भरले, परत मिळतील असं सांगितलं होतं. मिळाले, चौदा महिन्यांनी. तोवर तिचा गुडघा गेला होता. स्पर्धेतच गेला, पण उपचाराचा खर्च कोणाचा हे कोणालाच सांगता येईना. संघटना म्हणे शाळेनं बघावं, शाळा म्हणे संघटनेनं. तिच्या वडिलांचं पैठण गेटजवळ छोटं दुकान होतं, त्यांनी उसनवारी करून एमआरआय केला. ऑपरेशन पुढे ढकललं. ती आज एका खासगी शाळेत लहान मुलांची पीटी घेते, जिना चढताना कठडा धरते. तिला कधीही कोणी विचारलं नाही की तुझं काय देणं राहिलंय. ती जर अशा एखाद्या समितीवर बसलेली असती, तर पहिल्या महिन्यात पासबुक मागितलं असतं. तिला पै-पैचा हिशेब पाठ आहे अजून.

जानेवारी २०२५ मध्ये, घोटाळा उघड झाल्यावर महिन्याभरातच, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. फोटो आले, सत्कार झाले. मी त्या आनंदात होतो. फक्त मला ते कठडा धरणारं जिना चढणं आठवत होतं. जिंकलेल्यांचा सत्कार करायला सरकार नेहमीच वेळेवर पोचतं. प्रश्न पडलेल्यांचा असतो.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे भ्रष्टाचार आणि खेळाडूंचं भलं हे दोन वेगळे विषय समजले जातात. भ्रष्टाचारासाठी पोलीस आणि ऑडिट, खेळाडूंसाठी भाषणं आणि शाल-श्रीफळ. मी म्हणतो हे एकाच गोष्टीचे दोन परिणाम आहेत. खेळाडूला विचारायचा हक्क नसला की पैसाही जातो आणि शरीरही जातं. वेगवेगळ्या बातम्या एकाच कारणाच्या आहेत. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, बोगस प्रमाणपत्रं. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण उघड झालं. ती दाखवून लोक नोकरीला लागले होते. मराठवाड्यातल्या किती शाळांत तुम्ही ट्रॅम्पोलिन बघितलंय? पण या बनावटीचा फटका सरकारला बसत नाही. सरकारला कोणी ना कोणी कर्मचारी मिळतोच. फटका बसतो तो आमखास मैदानावर पहाटे साडेपाचला पळणाऱ्या त्या मुलाला, ज्याचं प्रमाणपत्र खरं आहे आणि जागा गेली आहे. कुठल्या स्पर्धेत कोण खेळलं हे सगळ्यात चांगलं कोणाला माहीत असतं? समोरच्या संघाला. त्यांना कोणी विचारलं का?

दुसरं, डोपिंग. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकडेवारीत भारतानं ७,११३ नमुने तपासले, त्यातले २६० दोषी निघाले, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त, आणि हे पहिलंच वर्ष नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्याच्या बातम्या आल्या. तपासणीचं पथक आल्यावर इतकी मुलं पळून गेली की पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. आपण हसलो. पण विचार करा, ती मुलं कोण आहेत? पदकाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय लग्न नाही, घरी शेती दोन एकर. जवळ डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, पण जिमबाहेर डबा विकणारा आहे. जो खेळाडू औषध घेतो तो दोषी आहेच, बंदी त्यालाच भोगावी लागते. पण त्याला योग्य सल्ला देणारा एक डॉक्टर तालुक्याच्या मैदानावर असावा यासाठी कोणाला बंदी भोगावी लागत नाही.

तिसरं सगळ्यात जड. जानेवारी २०२३ मध्ये देशाचे ऑलिंपिक पदकविजेते पैलवान जंतरमंतरवर बसले, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. २८ मे २०२३ ला त्यांना रस्त्यावरून फरफटत नेलेलं आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. २१ डिसेंबरला साक्षी मलिकनं पत्रकारांसमोर टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. आरोपांचं काय करायचं ते कोर्टाचं काम. मला दुसरीच गोष्ट टोचते. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं १५ क्रीडा महासंघांना नोटिसा पाठवल्या, कारण कायद्यानं बंधनकारक असलेली अंतर्गत तक्रार समिती एक तर त्यांच्याकडे नव्हती किंवा नियमानुसार नव्हती. तो कायदा २०१३ चा. दहा वर्षं. ऑलिंपिक पदक असलेल्या बाईला तक्रार करायला फुटपाथ सापडतो, तर आपल्या गल्लीतल्या चौदा वर्षांच्या कबड्डीपटूनं कुठं जायचं?

या तिन्हीत आणि गारखेड्याच्या खात्यात मला एकच भोक दिसतं. ज्याच्या नावानं सगळं चाललंय, तो खोलीबाहेर उभा आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ माणसं, त्यात किमान चार महिला, किमान दोन नामवंत खेळाडू आणि खेळाडू समितीनं निवडलेले दोन प्रतिनिधी. खेळाडूंच्या सुरक्षिततेचं धोरण, वाद सोडवायला न्यायाधिकरण. माहितीचा अधिकार मात्र सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरताच ठेवला, म्हणजे क्रिकेट बाहेर. त्यावर भांडता येईल. पण माझा मुद्दा जवळचा आहे. हा कायदा वरच्या संघटनांसाठी आहे. गारखेड्याच्या, बीडच्या, जालन्याच्या, तुमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाच्या पासबुकापर्यंत तो येत नाही. आणि पोरं तर तिथंच खेळतात. दिल्लीत कोणी खेळायला सुरुवात करत नाही.

मग करायचं काय? चौकशी समिती हे आपलं आवडतं उत्तर. समिती बसते, अहवाल येतो, तोवर पुढची गाडी बाजारात येते. माझ्या चार मागण्या आहेत, चारही स्वस्त.

एक. राज्यातल्या प्रत्येक क्रीडा संकुल समितीवर तिथंच सराव करणारे दोन खेळाडू घ्या, त्यातली एक मुलगी. मतदानाच्या हक्कासह, आणि दर महिन्याला बँकेचा मूळ उतारा त्यांच्यासमोर ठेवून. उतारा थेट बँकेकडून आलेला हवा. कार्यालयातून टाइप होऊन आलेला चालणार नाही.

दोन. संकुलाच्या फाटकावर पोहण्याची फी आणि बॅडमिंटनचे दर लिहिलेला बोर्ड असतोच. त्याच्याच शेजारी दुसरा लावा. या महिन्यात किती आले, कशासाठी आले, किती खर्च झाले, किती उरले. चार ओळी. खडूनं लिहिल्या तरी चालतील.

तीन. खेळाडूचा प्रवासभत्ता, बक्षिसाची रक्कम, उपचाराचा खर्च ३० दिवसांत द्यायचा. राहिला तर त्याच बोर्डावर लिहायचं: किती जणांचं, किती दिवसांपासून. जो दुकानदार देणं लपवतो त्याच्याशी गुलमंडीवर कोणी व्यवहार करत नाही. सरकारला वेगळा नियम का?

चार. तक्रारीसाठी संकुलाबाहेरच्या एका महिला अधिकाऱ्याचा फोन नंबर मुलींच्या चेंजिंग रूममध्ये लावा. प्रशिक्षकाचा, व्यवस्थापकाचा, संघटनेच्या सचिवाचा नको. ज्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्याच्याकडेच तक्रारपेटीची किल्ली असते, हे बंद करा.

यावर पहिला आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. खेळाडूंना हिशेबातलं काय कळतं, त्यांनी खेळावर लक्ष द्यावं. ज्या मुलीला आपलं वजन ग्रॅममध्ये आणि आपली वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात माहीत असते, तिला बँकेचा उतारा कळणार नाही? उलट ज्यांना हिशेब कळतो म्हणून नेमलं होतं, त्यांना पाच महिने कळला नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. नियम वाढवले की आधीच उशिरा येणारे पैसे आणखी उशिरा येतील, एकेका सहीसाठी पोरं तीन चकरा मारतील. हा धोका खरा आहे, कारण आपल्याकडे कडकपणा नेहमी अशक्त माणसावर उतरतो. चारशे रुपयांच्या प्रवासभत्त्यासाठी मूळ तिकीट, झेरॉक्स, शाळेचं पत्र आणि आधार लागतं; करोडोंच्या खात्याचा ईमेल एका कागदावर बदलतो. म्हणून चारही मागण्यांत खेळाडूवर एकही नवा कागद नाही. सगळा बोजा खात्यावर आणि फाटकावरच्या बोर्डावर आहे.

तिसरा आक्षेप आपल्या शहराचा खास आहे. आमच्यावर अन्यायच होतो, राज्याचं क्रीडा विद्यापीठ आधी इथं करोडीला होणार होतं, ते पुण्याला गेलं, तर मराठवाड्यात खेळ वाढणार कसा? अन्याय झाला, खरं आहे. मलाही ते झोंबतं. पण विद्यापीठ गेलं तेव्हा मोर्चे निघाले, निवेदनं गेली, सगळे पक्ष बोलले. २१ कोटी गेले तेव्हा चष्म्याचे जोक झाले. पुण्यानं नेलं तर तो मराठवाड्याचा अपमान, आणि आपल्याच संकुलातून गेलं तर ती करमणूक? पुढच्या वेळी निधी मागायला मुंबईला जाऊ तेव्हा समोरचा विचारेल की आधीचे कुठे आहेत. त्याला काय सांगणार?

हे वाचणाऱ्यांत बरेच जण माझ्याच वयाचे किंवा लहान असाल. तुमच्यातले काही संकुलात रोज जातही असाल, जिमला, बॅडमिंटनला, भरतीच्या तयारीला. तर एक काम करा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ऑनलाइनही करता येतो. तुमच्या जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या क्रीडा संकुल समितीला तीन प्रश्न विचारा: मार्चअखेर खात्यात किती शिल्लक होती, गेल्या वर्षात समितीच्या बैठका किती झाल्या, आणि खेळाडूंचं किती देणं बाकी आहे. तिसऱ्या प्रश्नाला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं, तर अपील करा. ते उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण पैसे कुठे गेले हे पोलीस शोधतील, पण पैसे कोणाचे होते हे आपल्यालाच सांगावं लागेल.

मी माझा अर्ज टाकतोय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.